दुसऱ्या अल्बमचे तीन मार्क कुठं गेले?

मार्चचा महिना, हळदीचा सीझन ऐन भरात. सांगलीच्या मार्केट यार्डात आमच्या अडत दुकानापुढं पोत्यांची थप्पी लागली होती, हमाल काट्यावर पोती चढवत होते आणि मी शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे मालाच्या हिशेबाची बिलं, लिहीत बसलो होतो. तेवढ्यात भाचा आला. इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे, गिटार वाजवतो, कॉलेजातल्या चौघांचा बँड आहे. त्यानं मोबाइल थेट माझ्या वहीवर ठेवला.

"मामा, हे बघा की. पहिल्याला नव्वद, दुसऱ्याला सत्याऐंशी. तीन मार्क कुठं गेले?"

रीचेकिंगचं काही असेल म्हणून मी चष्मा लावला. तर कॅनडातल्या एका बँडच्या दोन अल्बमना समीक्षकांनी दिलेले ते गुण निघाले. बँडचं नाव आर्केड फायर. पहिला अल्बम २००४ चा ‘फ्यूनरल’, दुसरा २००७ चा ‘निऑन बायबल’. भाच्याला दुसरा जास्त आवडलाय. महिनाभर कानात तोच चालू आहे, आणि जगानं त्याला तीन मार्क कमी दिले याचा त्याला अगदी मनापासून राग आलाय.

मला रॉकमधलं फार कळत नाही. मार्क कसे कापले जातात हे मात्र चांगलं कळतं, कारण दिवसा दिवाणजीचं काम करून संध्याकाळी मी अकरा वर्षं इथल्या एका दैनिकात नाटकांची परीक्षणं लिहिली आहेत. भाच्याला दोन-तीन संध्याकाळी बसवून जे सांगितलं, तेच इथं जरा नीट लावून लिहितो. त्यासाठी दोन्ही अल्बम मला चार-चार वेळा ऐकावे लागले. बायको म्हणाली, या वयात हे काय लावलंय.

आधी ‘इंडी’ म्हणजे काय ते सांगतो. आमच्या घरात बरेच दिवस त्याचा अर्थ ‘इंडियन’ असाच समजला जात होता. इंडी म्हणजे इंडिपेंडंट. जगातल्या ध्वनिमुद्रित संगीताचा मोठा वाटा आज युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या तीन कंपन्यांच्या हातात आहे. त्यांच्या बाहेर राहून, छोट्या लेबलकडून जे गाणी काढतात ते इंडी. आपल्याकडं व्यावसायिक नाटक आणि हौशी नाटक असा फरक आहे ना, साधारण तसंच. पैसा कमी, पण ‘हे पद कापा, ते घाला’ म्हणणारा मालकही डोक्यावर नाही. आर्केड फायरचं अमेरिकेतलं लेबल होतं मर्ज. नॉर्थ कॅरोलिनात १९८९ मध्ये एका बँडमधल्याच दोघांनी ते सुरू केलं. पुढं ‘इंडी’ हा शब्द वाजवण्याच्या एका ढंगालाही चिकटला, पण तो घोळ इथं नको.

माँट्रिअलच्या या पोरांचा पहिला अल्बम निघाला तेव्हा त्यांची वाट बघणारं फारसं कुणी नव्हतं. अल्बम बनत असताना बँडमधल्या काहींच्या घरची माणसं पाठोपाठ गेली, म्हणून नाव ठेवलं ‘फ्यूनरल’, म्हणजे अंत्यविधी. दहा गाणी. पिचफोर्क नावाच्या संकेतस्थळानं त्याला दहापैकी ९.७ दिले. इंडी गाणी ऐकणाऱ्या पोरांमध्ये त्या काळी पिचफोर्कच्या शब्दाला फार वजन होतं. मर्जचा एखादा अल्बम बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या यादीच्या, पहिल्या दोनशेत शिरला तो यानंच, पहिल्यांदा. थोडक्यात, कुणाच्या खिजगणतीत नसलेला पोरगा बोर्डात आला. मग सगळ्यांनी विचारायला सुरुवात केली, आता पुढं काय?

आता तो नव्वद आणि सत्याऐंशी. हे आकडे मेटाक्रिटिक या संकेतस्थळाचे. २००१ मध्ये ते सुरू झालं. काम एवढंच, की एखाद्या अल्बमवर वर्तमानपत्रांत, मासिकांत जी परीक्षणं आली ती गोळा करायची, प्रत्येकाचं शंभरपैकी गुणांत रूपांतर करायचं आणि सरासरी काढायची. पाचपैकी चार स्टार म्हणजे ८०. दहापैकी ८.४ म्हणजे ८४. आकडा न देता नुसतंच लिहिलेल्या परीक्षणाला तिथली माणसं ते वाचून आपल्या अंदाजानं गुण लावतात. शिवाय सगळ्यांचं वजन सारखं नसतं. मोठ्या नावाच्या नियतकालिकाचं मत जड धरलं जातं, पण किती जड ते बाहेर सांगत नाहीत.

यार्डातल्या माणसाला हे समजायला अडचण नाही. बाजार समिती रोज प्रत्येक मालाचे चार आकडे देते: आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. समजा आज राजापुरी हळदीला किमान नऊ हजार, कमाल सतरा हजार आणि सर्वसाधारण तेरा हजार मिळाला. गावाकडं फोन जातो तो तेराच्या आकड्याचा. प्रत्यक्षात बरोबर तेरा हजारानं एकही पोतं गेलेलं नसेल, असंही होऊ शकतं. अर्धा माल दहाच्या आसपास, अर्धा सोळाच्या. त्या दिवशी यार्डात खरी बातमी काय होती? दोन व्यापारी एकाच ढिगापुढं उभे राहून, हळकुंड मोडून, आतला रंग बघून दोन वेगळे भाव बोलले, ही. सर्वसाधारण दरात नेमकी तीच हरवते.

मेटाक्रिटिक हा सर्वसाधारण दर ठळक छापतं. किमान-कमाल खाली असतंच, पण बोट तिथवर कोण सरकवतं? मग दोन अल्बमना ७० गुण दिसतात. एक असा, की सगळ्यांनी ‘बरा आहे’ म्हणून सत्तरच्या आसपास दिले. दुसरा असा, की निम्म्यांनी ९५ दिले आणि निम्म्यांनी ४५. आकडा एकच, पण पहिला अल्बम वर्षभरात विसरला जातो आणि दुसऱ्यावरून वीस वर्षं भांडणं होतात. अंगापेक्षा मोठा घास घेतलेला अल्बम बहुधा या दुसऱ्या जातीचा असतो. अशा अल्बमची सरासरी काढणं म्हणजे एक पाय बर्फात, एक पाय चुलीत, आणि माणूस सरासरीनं ठीक आहे म्हणणं.

भाच्याच्या तीन मार्कांचा हिशेब तर फारच सोपा निघाला. मी वहीच्या मागं करून दाखवला. समजा तीस परीक्षणं आहेत आणि सगळ्यांचं वजन सारखं आहे. एका समीक्षकानं पाचाऐवजी चार स्टार दिले की त्याचे वीस गुण गेले. वीस भागिले तीस म्हणजे सरासरी पाऊण मार्कापेक्षा थोडी कमी घसरली. अशा चार-पाच जणांनी एकेक स्टार आखडता घेतला, की तीन मार्क गायब. "म्हणजे जगानं नाही, चार-पाच माणसांनी," भाचा म्हणाला. बरोबर. पण त्या चार-पाच जणांनी तो स्टार का आखडला असेल, ते बघायला समीक्षक नावाचा प्राणी जवळून बघावा लागतो. तो मी आरशात बघितलाय.

राज्य नाट्य स्पर्धेची आमच्या केंद्राची फेरी भावे नाट्यमंदिरात व्हायची. नाटक साडेदहाला सुटायचं, कधी पावणेअकराला. तिथनं गाडी काढून ऑफिस गाठायचं. पावणेबाराला पान सुटणार. जागा तीनशे शब्दांची. उपसंपादक घड्याळाकडं बघत असायचा आणि मी घामाघूम होऊन खरडत असायचो. अशा वेळी डोक्याआधी हातच लिहितो. हाताला सवयीची वाक्यं असतात: नेपथ्य साजेसं, पार्श्वसंगीत प्रसंगानुरूप, अमक्यांनी भूमिकेला न्याय दिला, प्रयत्न स्तुत्य. ‘प्रयत्न स्तुत्य’ म्हणजे काय हे नाटकवाल्यांना पक्कं माहीत असतं. नाटक पडलं, पण माणसं ओळखीची आहेत.

एका वर्षी एका नव्या संस्थेनं चार पात्रांचं, दोन खुर्च्यांचं नाटक केलं आणि मी अक्षरशः भारावून गेलो. जागा मागून घेऊन पाचशे शब्द लिहिले. पुढच्या वर्षी तीच संस्था वीस-बावीस पात्रं, फिरता जिना, मंचावर बसलेला ढोलकीवाला असं सगळं घेऊन आली. साडेदहाला संपायचं ते सव्वाअकरा झाले. मी ऑफिसात उभ्या-उभ्या लिहिलं: "प्रयत्न स्तुत्य. मात्र गेल्या वर्षीची उंची गाठता आली नाही." महिन्याभरानं त्यांचा दिग्दर्शक चहाच्या गाड्यावर भेटला. भांडला नाही. कप खाली ठेवत म्हणाला, "सर, तुम्ही गेल्या वर्षीचं नाटक दोनदा बघितलं. यंदाचं एकदाही बघितलं नाही."

पुढं एका गावच्या जत्रेत ते नाटक मी परत पाहिलं, घड्याळ न बघता. फिरत्या जिन्याचा अर्थ तेव्हा कळला. दुरुस्ती छापायची पद्धत परीक्षणात नसते.

दुसऱ्या अल्बमचं नेमकं हेच होतं. संगीत समीक्षकाला अल्बम बाजारात येण्याआधी पाठवला जातो. अमुक तारखेच्या आत एक अक्षर छापायचं नाही अशी अट असते आणि त्याच तारखेला सगळ्यांना छापायचं असतं. हातात बाकीचेही चार अल्बम असतात. चार-दोन वेळा ऐकून मत द्यायचं. सोपा, गुणगुणता येणारा अल्बम तेवढ्यात कळतो. थरांवर थर दिलेला, गाणी एकमेकांत गुंतलेला अल्बम कळत नाही. मग समीक्षक ओळखीचं काहीतरी शोधतो, आणि सगळ्यात ओळखीचं काय असतं? पहिला अल्बम.

या घसरणीला इंग्रजीत एक नाव आहे, ‘सोफोमोर स्लम्प’. सोफोमोर म्हणजे अमेरिकन कॉलेजातला दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. फर्स्ट इयरला चमकलेला पोरगा सेकंड इयरला आपटतो, त्यावरनं ते आलं. भाच्याला हे समजावायची गरजच पडली नाही. "एम-थ्री," तो म्हणाला आणि गप्प झाला. गणिताच्या त्या पेपरात त्याला केटी लागली आहे.

पण घसरण खरीच होते का, की नुसती दिसते? थोडी खरी असते. पहिल्या अल्बमची गाणी वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून साठत आलेली असतात. दहा वर्षांच्या साठ्यातली निवडक दहा. दुसऱ्यासाठी मिळतात दीड-दोन वर्षं, आणि त्यातली निम्मी गावोगाव दौरे करण्यात जातात. पहिल्या अल्बममध्ये गल्ली असते, आई-बाप असतात, प्रेमभंग असतो. दुसऱ्याच्या वेळी आयुष्यात हॉटेलची खोली, विमानतळ आणि मुलाखती एवढंच असतं. त्यावर कोण किती लिहिणार?

घसरणीचा दुसरा भाग नुसता हिशेबाचा आहे, आणि मला वाटतं तो फार कमी लोकांच्या लक्षात येतो. तासगाव भागातल्या द्राक्षबागायतदाराचं उदाहरण घ्या. एका वर्षी एखाद्याच्या एकरात विक्रमी माल निघतो. लोक गाड्या करून बाग बघायला येतात, औषध कंपनीवाले फोटो काढतात. पुढच्या वर्षी माल कमी येतो. माणूस आळशी झाला का? नाही. पहिल्या वर्षी त्याच्या कष्टाबरोबर नशिबाचीही साथ होती: छाटणी साधली, फुलोऱ्यात पाऊस आला नाही, धुकं पडलं नाही. कष्ट दरवर्षी तेवढेच राहतात, नशीब दरवर्षी तेवढंच राहत नाही. आपण गाडी करून बघायला जातो ते विक्रम झालेल्याच बागेत. म्हणजे आपण निवडलेली बाग पुढच्या वर्षी खाली येण्याचीच शक्यता जास्त. संख्याशास्त्रात याला सरासरीकडं परतणं म्हणतात. बँडचंही तसंच. पहिला अल्बम बेतास बात निघालेल्या शेकडो बँडचा दुसरा अल्बम पहिल्यापेक्षा चांगला निघत असेल, पण तो ऐकायला आपण थांबतच नाही. पहिल्याच फटक्यात ९० मिळवणाऱ्यांचा दुसरा अल्बम मात्र सगळे कान टवकारून ऐकतात. घसरण इतकी नेमानं का दिसते, याचं अर्धं उत्तर आपल्या निवडीत आहे.

तिसरा भाग कात्रीचा. दुसऱ्या अल्बमला दोनच वाटा असतात आणि दोन्हीकडं काटे. न्यूयॉर्कच्या द स्ट्रोक्सचा पहिला अल्बम २००१ चा, फार गाजला. दुसऱ्यासाठी, २००३ च्या ‘रूम ऑन फायर’साठी, त्यांनी आधी रेडिओहेड या इंग्लिश बँडचा निर्माता नायजेल गॉड्रिच याच्याबरोबर काम सुरू केलं, जमलं नाही, आणि पहिल्या अल्बमच्याच निर्मात्याकडं परत गेले. अल्बम चांगला होता असंच बहुतेकांनी लिहिलं, पण पुढं ओळ आलीच: पहिल्यासारखाच आहे की. उलट मँचेस्टरच्या द स्टोन रोझेसनी १९८९ च्या पहिल्या अल्बमनंतर पाच वर्षं घालवली. मधे लेबलशी कोर्टकचेरी झाली. १९९४ च्या शेवटी दुसरा अल्बम आला तो जड गिटारींचा, वेगळ्याच वळणाचा, आणि वर नाव काय, तर ‘सेकंड कमिंग’, म्हणजे ख्रिस्ताचं पुनरागमन! अनेक समीक्षकांनी नाक मुरडलं. १९९६ मध्ये बँड फुटला. तेच केलं तर ‘तेच केलं’, वेगळं केलं तर ‘भरकटले’. सासू-सुनेच्या गोष्टीसारखं आहे हे, लवकर उठली तरी बोल, उशिरा उठली तरी बोल.

दुसरं काम पहिल्यावर मात करून जातं, असंही होतं बरं का. सांगलीत बसून हे लिहितोय, तर नाटकाचं उदाहरण दिल्याशिवाय राहवणार नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘संगीत शाकुंतल’ आणलं आणि मराठी संगीत नाटकाचा पाया घातला. दोन वर्षांनी ‘संगीत सौभद्र’ आलं. पहिल्याच्या मागं कालिदास उभा होता, दुसऱ्याची मांडणी अण्णासाहेबांची स्वतःची. आज कुठल्याही नाट्यगृहाबाहेर उभं राहून विचारा, लोकांना पदं कुठली पाठ आहेत ते. विषय निघालाच आहे तर सांगतो: रेडिओहेडचा गाजलेला ‘द बेंड्स’ आणि निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ हेही दुसरेच अल्बम. पण त्यांच्या पहिल्या अल्बमला कुणी डोक्यावर घेतलं नव्हतं, हे विसरू नका. द्राक्षबागेचा नियम तिथं उलटा चालला.

आता ‘निऑन बायबल’कडं येऊ. या पोरांनी काय केलं बघा. माँट्रिअलबाहेर फार्नम नावाच्या गावात एक जुनं चर्च विकत घेतलं, डागडुजी केली आणि त्याचाच स्टुडिओ केला. वाद्यवृंद आणि गायकवृंद हवा म्हणून हंगेरीत बुडापेस्टला गेले. आणि पाइप ऑर्गन वापरला. ऑर्गन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं नाट्यसंगीताचा ऑर्गन येतो, पायानं भाता मारायचा, लाकडी पेटीचा. त्यात हवेनं धातूच्या पात्या थरथरतात. पाइप ऑर्गनमध्ये हवा नळ्यांतून जाते, म्हणजे शेकडो बासऱ्या एका माणसाच्या बोटांखाली आल्यासारखं. तो उचलून स्टुडिओत आणता येत नाही, कारण तो इमारतीच्या भिंतीतच बांधलेला असतो. एका अर्थानं चर्चची इमारत हेच वाद्य.

अल्बममधल्या ‘इंटरव्हेन्शन’ या गाण्याची सुरुवातच या ऑर्गननं होते. भाच्यानं ते दुकानात मोबाइलवर लावलं. काट्याशी उभा असलेला आमचा म्हातारा हमाल पोतं टेकवून थांबला. म्हणाला, "ह्ये नाटकातलं हाय न्हवं? पदाच्या आधी वाजतंय तसलं." भाचा हसला, पण मला ते फार नेमकं वाटलं. पडदा वर जायच्या आधी पोटात जे होतं, तेच त्या सुरांनी होतं. ऑर्गनविषयी एवढं नेमकं इंग्रजी परीक्षणातसुद्धा मला सापडलं नव्हतं.

विषयही पहिल्यापेक्षा मोठे घेतले. पहिल्या अल्बममध्ये घर, गल्ली, बर्फ आणि गेलेली माणसं होती. दुसऱ्यात धर्माचा बाजार, टीव्ही, युद्धाची भीती, काळा समुद्र. एका गाण्यातला बाप पोरीला स्टेजवर उभी करून पैसा मिळवायला बघतो आणि वर देवाशी बोलतो. अल्बम मार्च २००७ मध्ये आला आणि बिलबोर्डच्या यादीत थेट दुसऱ्या क्रमांकावर लागला. छोट्या लेबलच्या मानानं ही फार मोठी उडी.

समीक्षकांनी काय म्हटलं? बहुतेकांनी भरभरून लिहिलं. पिचफोर्कनं ८.४ दिले, म्हणजे उत्तमच, फक्त ९.७ नाहीत. कौतुक भव्यतेचं होतं, त्या ऑर्गनचं, चर्चभर घुमणाऱ्या आवाजाचं. अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनशी तुलना अनेकांनी केली. तक्रारी कुठल्या? सगळं फार मोठ्ठं झालंय, वाद्यांची गर्दी होऊन आवाज गढूळ झालाय, शब्द उपदेशाकडं झुकलेत. ‘फ्यूनरल’मध्ये हे लोक स्वतःचं दुःख सांगत होते, इथं जगाचं सांगायला लागलेत. मी चार वेळा ऐकल्यावर माझं मत असं, की आवाज गढूळ असल्याची तक्रार काही गाण्यांपुरती खरी आहे. उपदेशाचीही एक-दोन ठिकाणी. पण भव्यतेचं कौतुकही तेच करतात आणि भव्यतेची तक्रारही तेच. एकाच परीक्षणात दोन्ही वाचून मला माझी पावणेबाराची धावपळ आठवली.

या परीक्षणांची भाषा एकदा कळली, की आकडा बघायची गरजच उरत नाही. ‘महत्त्वाकांक्षी’ हा शब्द बघा. कौतुकासारखा दिसतो, पण त्याच्या पुढं ‘पण’ येतोय का ते बघायचं. ‘मुलगा हुशार आहे’ असं मास्तर पालकांना सांगतात, तेव्हा आपण ‘पण’ची वाट बघतोच ना? ‘परिपक्व’ म्हणजे पूर्वीचा जोश कमी झाला. ‘पुन्हा पुन्हा ऐकल्यावर उलगडत जातो’ म्हणजे मला अजून उलगडला नाही, पण अंगाशी येऊ नये म्हणून लिहून ठेवतो. आणि पहिल्या अल्बमचं नाव परीक्षणात किती वेळा आलंय ते मोजा. तीनदापेक्षा जास्त आलं असेल, तर तो माणूस गेल्या वर्षीचं नाटक बघतोय. भाच्यानं हे लगेच पकडलं आणि चार परीक्षणं काढून मोजायलाच बसला. हळदीची पोती मोजायला सांगितली असती तर बसला नसता.

हे मत पुढं बदलतं का? बदलतं, आणि कधी कधी पार उलटं होतं. हरिपूरची पेवं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे सहज कळेल. जमिनीत खोल खड्डा घेऊन त्यात हळद साठवायची, वर तोंड लिंपून टाकायचं. भाव पडलेला असला की माल पेवात जायचा आणि वर्षा-दोन वर्षांनी काढला तरी रंग तसाच. २००५ च्या महापुरात ती पेवं पाण्यात गेली, तो वेगळा विषय. मुद्दा असा, की सौद्याच्या दिवशीचा भाव हा त्या दिवसाचा भाव असतो.

पेवात गेलेला सगळ्यात प्रसिद्ध दुसरा अल्बम म्हणजे वीझर या बँडचा ‘पिंकर्टन’, १९९६ चा. हे इंडी नव्हेत, मोठ्या कंपनीचे. पण गोष्ट इतकी चोख आहे, की सोडवत नाही. १९९४ चा त्यांचा पहिला अल्बम गुळगुळीत, हसराखेळता, लाखोंनी खपलेला. दुसरा त्यांनी बाहेरचा निर्माता न घेता स्वतः केला. आवाज खरखरीत, गाणी इतकी उघडी की ऐकताना अवघडल्यासारखं व्हावं. समीक्षकांनी हात राखून लिहिलं, आणि रोलिंग स्टोन मासिकाच्या वाचकांच्या कौलात तो त्या वर्षीच्या सर्वात वाईट अल्बममध्ये गणला गेला. खुद्द गायक रिव्हर्स कुओमोनं पुढं मुलाखतीत त्याला नावं ठेवली. तिसऱ्या अल्बमला बँड पहिल्याच निर्मात्याकडं परत गेला. दरम्यान, शाळा-कॉलेजातली पोरं तो खरखरीत अल्बम एकमेकांना देत राहिली. त्यातल्या काहींनी बँड काढले, काही लिहायला लागली. २००४ मध्ये त्याच रोलिंग स्टोननं त्याला पाच स्टार दिले. पिचफोर्कनं १९९६ मध्ये ७.५ दिले होते, २०१० मध्ये नवी आवृत्ती आली तेव्हा पूर्ण १०. अल्बममधला एक सूरही बदललेला नव्हता. ज्यांना तो सोळाव्या वर्षी आवडला होता, ती माणसं आता समीक्षकाच्या खुर्चीत बसली होती.

पिचफोर्कनं तर २०२१ मध्ये आपलेच १९ जुने निकाल काढून नव्यानं गुण दिले. डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीच्या ‘डिस्कव्हरी’चे ६.४ चे १० झाले. हा त्यांचा दुसराच अल्बम, हे भाच्यानं मला सांगितलं. लिझ फेअर या अमेरिकन गायिकेच्या एका अल्बमला शून्य दिलं होतं, त्याचे ६ झाले. काही जणांचे गुण कमीही झाले. हे वाचून मला हेवा वाटला. मला त्या फिरत्या जिन्याच्या नाटकाचं परीक्षण पुन्हा लिहायला कुणी जागा दिली नाही.

मात्र प्रत्येक पडलेला अल्बम पेवातली हळद नसतो, हे भाच्याला जरा दरडावूनच सांगितलं. आपल्या आवडत्या बँडला मार्क कमी पडले, की ‘वीस वर्षांनी कळेल लोकांना’ म्हणणाऱ्यांची कमी नाही. कित्येक दुसरे अल्बम वीस वर्षांनीही तितकेच कंटाळवाणे आहेत. ओली हळद पेवात घातली तर ती कुजते.

"मग तीन मार्कांचं काय?" त्यानं पुन्हा विचारलं. मी वही उघडून दाखवली. चार-पाच समीक्षक, एकेक स्टार. त्यांतल्या कुणाला खरंच आवाज गढूळ वाटला असेल, तो मार्क दुसऱ्या अल्बमचाच गेला. उरलेले पहिल्याच्या खात्यावर टाकायचे. ‘फ्यूनरल’ आधी आला नसता, हेच अकरा गाण्यांचं बाड घेऊन माँट्रिअलची कुणी अनोळखी पोरं आली असती, तर यातल्या काहींनी पाचवा स्टार आखडला नसता, असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही. पट्टीत जसे हमालीसारखे खर्च वजा होतात, तशी दुसऱ्या अल्बमच्या पट्टीत पहिल्याची वजावट असते. माल कितीही चोख असला तरी.

तेवढ्यात सौद्याची वेळ झाली. माणसं पुढच्या दुकानाकडं सरकायला लागली. भाच्यानं मोबाइल खिशात घातला आणि उठता उठता म्हणाला, "मामा, गॅदरिंगला आमच्या बँडचा दुसरा प्रोग्राम आहे. पहिला लई भारी झाला होता."

"येतो की."

"या. पण काही लिहू नका."